पार्श्वभूमी : खोबरेल चेहऱ्याच्या बाटलीत कसं गेलं

मुंबई-गोवा महामार्गावरच्या दुकानांत आगळ, आंबापोळी आणि काजूगरांच्या शेजारी अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. काचेची छोटी बाटली, तोंडाला ड्रॉपर आणि वर 'नॅचरल फेस ऑइल' ही अक्षरं. आत बहुतेक वेळा खोबरेल असतं, त्यात थोडं भिरंडेल (रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल) किंवा समुद्रकाठच्या उंडीच्या झाडाचं तेल आणि वासाला एखादं फूल. हेच तेल घरी करून लावणाऱ्यांचीही संख्या वाढते आहे. बाटलीवर काय किंवा ते करायला शिकवणाऱ्या व्हिडिओंत काय, आजीचा उल्लेख हमखास असतो. तो अर्धाच खरा आहे. तेल आजीचंच आहे, पण चेहऱ्यासाठी वेगळी बाटली तिच्या घरात नव्हती.

कोकणातल्या घरात तेलं वेगवेगळी असत ती अवयवानुसार नव्हे, तक्रारीनुसार. टाचा फुटल्या, ओठ फुटले की भिरंडेल. सांधा धरला की उंडीचं तेल. खरूज झाली की करंजाचं. बाकी सगळ्याला खोबरेल: डोक्याला, तान्ह्या बाळाच्या अंगाला, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला. डोक्याला तेल चोळून झाल्यावर तळव्यांवर जे उरेल ते तोंडावरून आणि कोपरांवरून फिरवायचं, एवढीच चेहऱ्याची निगा. खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात राबणाऱ्या माणसांना तेवढी पुरत होती की नाही हा वेगळा प्रश्न. पण चेहऱ्यासाठी म्हणून मुद्दाम कुणी तेल कढवत बसत नव्हतं.

मुद्दाम चेहऱ्यासाठी कढवलेल्या तेलाची परंपरा आहे, पण ती ग्रंथांतली. कुंकुमादि तैलाचा पाठ अष्टांगहृदयात येतो: केशर, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख, शेळीचं दूध आणि तिळाचं तेल. यातलं केशर काश्मीरचं. सोन्याच्या भावानं मिळणारी ही वस्तू भातशेतीवर जगणाऱ्या घरात चेहऱ्याला लावली जात असेल अशी कल्पना करायला बरीच श्रद्धा लागते. आजच्या बाटल्यांवर ही परंपरा आणि आजीची परंपरा सरसकट एकत्र छापतात. दोन्हींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

कोकणातल्या तेलाचा खरा इतिहास घाण्याचा आहे. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरीच्या जोडीनं तीळ आणि कारळे होत, आणि ते गाळायला गावोगावी बैलाचे घाणे होते. उत्तर कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, हा धंदा मोठ्या प्रमाणात बेने इस्रायली ज्यू समाजाकडे होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, आणि सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. अठराव्या शतकापासून या समाजातले लोक फौजेत, नोकरीत आणि मुंबईत जाऊ लागले. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. घाणे तोवर यंत्रावर चालू लागले होते, आणि तेल डब्यातून वाण्याकडे यायला लागलं होतं.

नारळाची गोष्ट थोडी निराळी. कोकणातला नारळ वाटपात, देवळात आणि शहाळ्यात संपतो. सुकं खोबरं आणि त्याचं तेल बाजारात येतं ते मुख्यतः दक्षिणेतल्या राज्यांतून. त्यामुळे घरी खोबरेल काढायचं तर ओल्या नारळाचंच निघे. खोवायचं, वाटायचं, रस पिळून काढायचा आणि मंद आचेवर आटवत बसायचं. रस फाटतो, चोथा खाली तांबूस होतो आणि वर तेल सुटतं. चरचर थांबली म्हणजे त्यातलं पाणी गेलं. ही चरचर पुरती थांबू न देता उतरवलेलं तेल पावसाळ्यात हटकून खवट होतं, आणि आजही घरच्या तेलाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ओली फुलं, ताजी कोरफड किंवा ओली हळद घालून तेल करणारे हीच चूक वेगळ्या मार्गानं करतात. फुलं आधी सुकवली तर प्रश्नच येत नाही.

मग डब्यातलं तेल प्लास्टिकच्या बाटलीत आलं, बाटली छोटी झाली, आणि सरकारला प्रश्न पडला की हे तेल नेमकं कशाचं. आज चेहऱ्याच्या तेलावर जे लेबल लागतं किंवा मुद्दाम लावलं जात नाही, त्याची मुळं या वादात आहेत, म्हणून तो जरा सविस्तर पाहायला हवा.

करांच्या वर्गवारीत खोबरेलाचा क्रमांक १५१३, म्हणजे वनस्पती तेलांच्या घरात. केसांना लावायच्या वस्तूंचा ३३०५, आणि त्वचेच्या प्रसाधनांचा ३३०४. तेव्हा खाद्यतेलावर कर कमी होता, केशतेलावर जास्त. शुद्ध खोबरेल छोट्या बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपन्या म्हणत, आमचं तेल खाद्य आहे. कर खातं म्हणे, एवढ्याशा बाटलीतलं तेल कुणी कढईत ओतत नाही, ते डोक्यालाच जातं. २००९ मध्ये एक परिपत्रक निघालं आणि २०० मिलीपर्यंतच्या बाटल्या केशतेल धराव्यात असं ठरलं. २०१५ मध्ये ते मागे घेतलं गेलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा खाद्यतेल ५ टक्क्यांवर आणि केशतेल १८ टक्क्यांवर गेलं, त्यामुळे भांडणाची किंमत आणखी वाढली. २०१८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकाच्या मते ते खाद्यतेल, दुसऱ्याच्या मते छोट्या बाटलीतलं केशतेल. २०२१ मध्ये एक लिटरच्या आतलं सगळं खोबरेल केशतेल धरावं असा प्रस्ताव पुढे आला आणि लांबणीवर पडला.

निकाल लागला तो डिसेंबर २०२४ मध्ये. तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केशतेल ठरत नाही. खाद्यतेलाचे निकष पाळून, खाद्यतेल म्हणून विकलेलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच. केसांसाठी आहे असं वेष्टनावर म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तेल काय आहे हे तेलानं ठरवायचं नाही, बाटलीच्या आकारानंही नाही, लेबलानं ठरवायचं.

निकाल योग्यच होता, माझ्या मते. वाद मात्र इतकी वर्षं चालायचं कारण नव्हतं. 'खायचं की लावायचं' हा प्रश्न दिल्लीत बसून विचारला तर तर्कशुद्ध वाटतो. कोकणात त्याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे खोबरेलात शिजवणं, वरून कच्चं तेल सोडणं यात कुणाला नवल वाटत नाही. चिपळूण-खेडकडे स्वयंपाकात खोबरेल म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील, तिथे कढईत गोडं तेलच. बाटली दोन्हीकडे तीच, दुकानदार तोच. घरात आणलेली बाटली फडताळात जाते की आरशाशेजारच्या फळीवर, हे कर आकारणाऱ्याला बाटलीच्या उंचीवरून कळणार कसं? खरं तर ती दोन्हीकडे जाते. इतकी वर्षं चाललेल्या या भांडणात एक बाजू पोटाची होती आणि दुसरी डोक्याची. चेहऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि आज नेमका तोच महाग पडला आहे. सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत केशतेलही ५ टक्क्यांवर आलं, म्हणजे जुन्या वादातला पैसाच निघून गेला. त्वचेची क्रीमं आणि तेलं मात्र १८ वरच राहिली. एकाच खोबरेलावर 'खाद्य' लिहा किंवा 'केसांसाठी', कर ५. 'चेहऱ्यासाठी' लिहा, १८.

गावातल्या बचत गटाला यातल्या कराची फारशी झळ बसत नाही, कारण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर वस्तू विकणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यांची अडचण परवान्याची. औषधांसाठीचा १९४० चा कायदा १९६२ च्या दुरुस्तीनं सौंदर्यप्रसाधनांनाही लागू झाला, १९६४ च्या दुरुस्तीनं आयुर्वेदिक औषधांना. २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले. अंगाला चोळून रूप खुलवण्यासाठी विकलेली कोणतीही वस्तू प्रसाधन ठरते, आणि ती विकण्यासाठी बनवायची तर परवाना, ठरावीक जागा आणि शिकलेला तज्ज्ञ माणूस लागतो. खाद्यपदार्थाची नोंदणी त्या मानानं सोपी. म्हणून गटाच्या बाटलीवर 'शुद्ध खोबरेल' एवढंच छापलं जातं, आणि चेहऱ्याला कसं लावायचं ते स्टॉलवर तोंडी सांगितलं जातं. बकुळ घातली, हळद घातली की 'शुद्ध' म्हणता येत नाही, म्हणून विकायचं तेल साधं राहतं आणि मजेदार तेलं घरातच होतात. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी करणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. नियम करणाऱ्यांनी लहान उत्पादकांसाठी मधली एखादी पायरी ठेवायला हवी होती असं वाटतं. पण भेसळीचा आणि त्वचेवर उठणाऱ्या पुरळांचा विचार केला तर नियमच नकोत, असंही म्हणवत नाही.

पुरळांवरून आठवलं. खोबरेल चेहऱ्याला चालतं की नाही यावर जी चर्चा चालते, तिच्या मागे १९७० च्या दशकातले प्रयोग आहेत. तेलं सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून ती रंध्रं किती बुजवतात ते पाहिलं गेलं आणि त्यातून ० ते ५ अशी श्रेणी पुढे रूढ झाली. खोबरेलाला साधारण ४ गुण मिळतात, म्हणून ते मुरुमं आणणारं ठरतं. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त संवेदनशील असते, त्यामुळे हा आकडा शेवटचा शब्द मानायचं कारण नाही. पण तेलकट त्वचेच्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला 'आपल्याकडे सगळे हेच लावतात' म्हणून रात्रभर खोबरेल लावायला सांगणं हेही शहाणपण नव्हे. लिंबाच्या सालीच्या तेलाचं त्याहून वाईट: ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि डाग राहतात. काजूच्या टरफलातलं तेल तर अंगाला लागूच द्यायचं नाही, हे काजू भाजणाऱ्या बायकांची बोटं पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही.

उंडीनं मधल्या काळात सगळ्यात मोठी उडी मारली. समुद्रकाठी वाढणाऱ्या या झाडाच्या बियांचं तेल काळपट हिरवं, उग्र वासाचं. दिव्याला, होडीच्या फळ्यांना आणि दुखऱ्या गुडघ्याला ते चाले. खाण्यात कधीच नव्हतं. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हेच झाड आहे, आणि तिथल्या 'तमानू' या नावानं हे तेल जगभर चेहऱ्याचं तेल म्हणून मिलिलिटरवर विकलं जाऊ लागलं. त्यानंतर कोकणातल्या उंडीकडे लोक वळून पाहू लागले. चेहऱ्याला लावायचं तर ते थेंबांनी, दुसऱ्या तेलात मिसळूनच. काहींना नुसत्या तेलानं खाज सुटते.

भिरंडेलाचा प्रवास उलटा आहे. आमसुलं आणि आगळ करून उरलेल्या रातांब्याच्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल पळीनं काढायचं आणि थिजताना मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे मे महिन्यातल्या माजघरातही गोळा घट्ट राहतो आणि टाचेवर घासला की विरघळतो. खोबरेलात थोडं वितळवून घातलं तर तेलाला जरा दाटपणा येतो, आणि चेहऱ्यावर ते नुसत्या खोबरेलापेक्षा कमी चिकट वाटतं. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र बिया फोडून, कुटून तेल काढण्याइतकी सवड घरांत उरलेली नाही. बिया पोत्यांनी व्यापाऱ्याकडे जातात आणि कारखान्यात त्यांच्यातून तेल काढून शुद्ध केलं जातं. चॉकलेट आणि प्रसाधनांच्या उद्योगाला ते पांढरंशुभ्र, बिनवासाचं हवं असतं. घरी चेहऱ्याचं तेल करणारा आज 'कोकम बटर' ऑनलाइन मागवतो तेव्हा त्याला मिळतं ते बहुधा हेच. मुठीचा पिवळसर, किंचित आंबूस वासाचा गोळा हवा असेल तर उन्हाळ्यात आगळ करणाऱ्या घरी आधीच सांगून ठेवावं लागतं, आणि बिया विकायच्या राहिल्या असतील तरच तो मिळतो.