मोटारीचे इंजिन : माहितीपत्रकातील आकडे

मोटार विकत घेताना माहितीपत्रकात इंजिनाचा आकार, शक्ती, टॉर्क आणि इंधनखर्च आकड्यांत दिलेला असतो. यांतला सर्वांत जास्त विचारला जाणारा आकडा सीसीचा. गाडीची चाल मात्र त्यावरून फारशी कळत नाही.

सीसी म्हणजे पिस्टन (सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारा दट्ट्या) खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो तिचे घन सेंटीमीटरमधले घनफळ, गुणिले सिलिंडरांची संख्या. २०२४ च्या मारुती स्विफ्टमध्ये तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ७४ मिमी आणि पिस्टनची धाव ९२.८ मिमी, म्हणून एकूण ११९७ सीसी. तिच्या आधीच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडर, व्यास ७३ आणि धाव ७१.५ मिमी. गुणाकार पुन्हा ११९७! इंजिने मात्र वेगळी. जुन्याची कमाल शक्ती सुमारे ९० पीएस (अश्वशक्तीचे एक एकक), नव्याची सुमारे ८२.

भारतात इतकी पेट्रोल इंजिने १२०० च्या आतच का थांबतात, याचे मोठे कारण कर आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या गाड्यांत पेट्रोलसाठी १२०० आणि डिझेलसाठी १५०० सीसी ही सवलतीची मर्यादा. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के.

शक्तीचा आकडा कंपन्या पीएस किंवा बीएचपी या अश्वशक्तीच्याच दुसऱ्या एककामध्ये देतात. १०० पीएस म्हणजे साधारण ९८.६ बीएचपी, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना एकाच एककात करावी.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणारा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये (एनएम) मोजतात. या जोराला फेऱ्यांच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते : एनएम गुणिले आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये. म्हणून टॉर्कच्या आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या शेजारच्या आरपीएमला आहे, आणि गिऱ्हाईक नेमके तेच वाचत नाही. नव्या स्विफ्टचा ११२ एनएम टॉर्क ४३०० आरपीएमला मिळतो. टाटा नेक्सॉनच्या १४९७ सीसी डिझेल इंजिनाचा २६० एनएम टॉर्क १५०० ते २७५० आरपीएमदरम्यानच हाताशी येतो. बोरघाटात किंवा आंबोलीच्या वळणावर पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी मंदावली की इंजिन बहुधा दोन हजारांच्या आसपास असते. तिथे डिझेल गाडी त्याच गिअरमध्ये ओढून नेते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले छोटे पेट्रोल इंजिन गिअर उतरवून फेरे वाढवायला लावते. टर्बो पेट्रोल या दोहोंच्या मधले. ११९९ सीसीचे नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १७५० आरपीएमपासून १७० एनएम देते, म्हणजे सीसी जवळपास स्विफ्टइतकेच आणि जोर दीडपट.

जाहिरातीतले ॲव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणीसंस्थांत गाडी रोलरवर ठरावीक क्रमाने चालवून काढलेले असते. रस्त्यावर ते कमीच भरते. आकडा फक्त गाड्यांची आपसांत तुलना करायला वापरावा. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने वीस टक्के मिश्रणाच्या ई२० इंधनावर त्यात आणखी थोडी घट होते. जुनी गाडी घेत असाल तर तिचे इंजिन ई२० साठी योग्य आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या नियमांमुळे डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी डीपीएफ गाळणी आली. ती साफ व्हायला सलग, वेगातली धाव लागते. रोज दोन-तीन किलोमीटर शहरातच फिरणाऱ्याने, टॉर्क कितीही मोहात पाडो, डिझेल घेऊ नये.