स्लेडवर किती किलो टाकायचे? (स्लेड नेण्याआधी एकदा वाचा)

आमचा स्लेड, म्हणजे वजनाच्या प्लेट टाकून पळताना कमरेच्या पट्ट्याने मागे ओढायची घसरगाडी, घरी गेला की आठ दिवसांत फोन येतोच, दादा किती किलो टाकू? ॲकॅडमीवाले सर पण हेच विचारतात. आम्ही वजनाचा तक्ता देत नाही म्हणून काहीजण नाराज होतात, पण तो मुद्दामच देत नाही. तेच २० किलो कोरड्या लाल मातीवर एक, हिरवळीवर दुसरं आणि पाऊस पडून गेलेल्या ग्राउंडवर तिसरंच लागतं, खालचं घर्षण बदललं की किलोला काही अर्थ राहत नाही.

त्यापेक्षा घड्याळ लावा. आधी मोकळे २० मीटर मारा, तीनदा, प्रत्येक वेळी टायमिंग एकाच माणसाने घ्यायचं, आणि मधलं टायमिंग लिहून ठेवा. समजा ३.२० सेकंद आलं. आता स्लेड लावून ३.५० च्या आसपास आलं पाहिजे, म्हणजे साधारण दहा टक्के जास्त, त्याच्यावर गेलं की प्लेट उतरवा. आमचा रिकामा स्लेडच १२ किलोचा आहे, नव्या पोराला पहिले पंधरा दिवस तेवढा पुष्कळ होतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जास्त वजन टाकल्यानेच. मागच्या महिन्यात भरतीची तयारी करणारा एक मुलगा स्लेड परत घेऊन आला, म्हणे दोन महिने ओढतोय पण शंभरचं टायमिंग हलत नाही. विचारलं तर ४० किलो टाकून ओढत होता. त्याला आमच्या मागच्या मोकळ्या जागेत पळायला लावलं तर कमरेतून पार वाकलेला, पाय जमिनीवर रेंगाळतायत आणि मातीत टाचेसकट अख्खं पाऊल उमटलंय. वेगात पळणाऱ्याचा ठसा पुढच्या चवड्याचा असतो आणि त्यामागे माती उकरलेली दिसते. दोन महिने त्याने हळू पळायचाच सराव केला होता, मेहनतीत कुठेच कमी नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. जड वजन ओढण्याचाही उपयोग आहे, सुरुवातीच्या दहा मीटरच्या जोरासाठी, पण ते चांगला पाया झाल्यावर आणि कोच समोर असताना.

दुसरं म्हणजे विश्रांती. दम लागला म्हणजे वर्कआउट चांगला झाला असं पोरांना वाटतं आणि ३० सेकंदांत परत पळतात, मग चौथ्या स्प्रिंटपासून वेग पडतो आणि तो नुसता स्टॅमिन्याचा व्यायाम होतो, त्यासाठी १६०० मीटर आहेच की. २० मीटरच्या प्रत्येक स्प्रिंटनंतर दोन-तीन मिनिटं चाला. सहा स्प्रिंट स्लेडसकट, मग पट्टा सोडून दोन मोकळे, पाय एकदम हलके वाटतात ते तेव्हाच. हे आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून, आणि वॉर्मअपशिवाय नको, मांडीमागचा स्नायू धरला तर महिना जातो. भरतीच्या ग्राउंडची (मैदानी चाचणीची) तारीख आली की आठ-दहा दिवस आधी स्लेड बंद.

पोलीस भरतीत ग्राउंडच्या ५० पैकी १५ मार्क १०० मीटरचे, मुलांना पूर्ण मार्कांसाठी ११.५० सेकंदांच्या आत यावं लागतं, तिथे अर्धा सेकंद सुद्धा फार मोठा असतो.

टायर चालत नाही का? चालतो, आमच्याकडे घेतलंच पाहिजे असं नाही, जवळ बऱ्यापैकी चढ असेल तर तोही छान. फक्त टायर खडबडीत जागी उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कमरेला झटका बसतो, स्लेड सरळ घसरत येतो, आणि प्लेट कमीजास्त करता येते.

दोरी ५ मीटरची दिलीय, कापून आखूड करू नका, स्लेडचं तोंड उचललं जातं. आणि डांबरी रस्त्यावर अजिबात ओढू नका, खालच्या पट्ट्या महिन्यात झिजून जातात. वेल्डिंग सुटलं तर वर्षभर फुकट करून देतो, झिजलेल्या पट्ट्यांचे मात्र पैसे पडतात. टायमिंग घ्यायचं जमत नसेल तर स्लेड न्यायला याल तेव्हा बूट घालून सकाळी या, अर्ध्या तासात वजन लावून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.