बोट आधी, सूर मागून

सोलापुरात भजनाच्या बैठकीत आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात आता पेटीच्या शेजारी लॅपटॉपही दिसतो. यूएसबी वायरने जोडलेला मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कोणतं बोट पडलं एवढंच लॅपटॉपला कळवणारा) आणि पेटी, बासरी, सतार, पियानो असे सगळे आवाज पोटात घेतलेला एक प्रोग्राम. तक्रारही ठरलेली: बोट पडतं, सूर मागून येतो. तबलजी समेवर पोहोचतो तेव्हा कीबोर्डवाल्याची सम अजून वाटेत असते. यावर सल्ले दोनच मिळतात. नवा लॅपटॉप घे, नाहीतर सेटिंगमध्ये सॅम्पल रेट सगळ्यात वरचा ठेव. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. उशीर ऑडिओ सेटिंगमधल्या ‘बफर साइज’ या आकड्यातून येतो आणि तो किती हे कागदावर भागाकार करून काढता येतं.

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात; यालाच सॅम्पल रेट म्हणतात. ही संख्या पुरते, कारण एखादी कंपनसंख्या नोंदवायला तिच्या दुपटीहून थोडे जास्त आकडे पुरेसे असतात आणि निरोगी तरुण कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं.

आता हे आकडे स्पीकरकडे एकेक करून का पाठवत नाहीत? दोन आकड्यांत जेमतेम २३ मायक्रोसेकंद असतात. त्याच वेळी संगणक वायफाय, स्क्रीन, अँटिव्हायरस अशी शंभर कामं आळीपाळीने करत असतो. मध्येच तो दोनतीन मिलिसेकंद दुसरीकडे गुंतला तर शंभरेक आकडे हुकतील. म्हणून आकडे आधी साठवून ठेवतात. सोलापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाकी असते. टाकी मोठी तर पाणी संपायची भीती नाही, पण हाती येणारं पाणी तेवढंच शिळं. बफर ही आवाजाची टाकी आणि त्यातला ‘शिळेपणा’ म्हणजेच आपला उशीर.

२५६ आकड्यांचा बफर ४४,१०० च्या दराने ५.८ मिलिसेकंदांत संपतो. ५१२ चा ११.६ मध्ये, १०२४ चा २३.२ मध्ये. पण उशीर एवढ्यावर थांबत नाही, आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हाच आहे. प्रत्यक्षात बफर दोन असतात. एक वाजत असताना दुसरा भरला जातो, मग दोघे जागा बदलतात. तुमचं बोट पडलं त्या क्षणी एक बफर वाजतोय आणि पुढच्याचं गणित सुरू झालंय. तुमचा सूर त्याच्याही पुढच्या बफरमध्ये जाणार. बोट बफर बदलण्याच्या अगदी आधी पडलं तर उशीर एका बफरएवढा, बदलल्यावर लगेच पडलं तर जवळजवळ दोन बफरांएवढा. म्हणजे १०२४ वर २३ ते ४६ मिलिसेकंदांच्या मध्ये कुठेही. सूर नुसता उशिरा येत नाही, तर प्रत्येक सूर वेगवेगळ्या उशिराने येतो. ठरावीक उशिराची वादकाला थोडीफार सवय होते, या डळमळीची होत नाही. काही प्रोग्राम प्रत्येक बोटाची नेमकी वेळ नोंदवून सूर बफरमध्ये योग्य जागी बसवतात. तिथे डळमळ जाते, पण उशीर मग कायम मोठाच राहतो.

४६ मिलिसेकंद म्हणजे किती? मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. मात्रेत चार बोल घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबासष्ट. त्यातला पाऊण बोल बफरनेच खाल्ला!

मग बफर अगदी लहान का ठेवू नये? कारण संगणकाला प्रत्येक बफर वेळेत भरावा लागतो. दोन्ही हातांनी सूर दाबले, सूर रेंगाळत ठेवणारं सस्टेन पेडलही दाबलं की एकाच वेळी कित्येक सुरांची बेरीज करायची असते. ती वेळेत झाली नाही की रांग तुटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. लहर सरळ चाललेली असताना एकदम शून्यावर आपटते, आणि अशा उभ्या कड्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या कंपनसंख्या एकदम असतात. म्हणून ती टिचकी कोणत्याही सुरात लपत नाही. पुष्कळजण अशा वेळी स्पीकर दुरुस्तीला नेतात. बिचारा स्पीकर चांगलाच असतो.

रीत सोपी आहे. ५१२ पासून सुरुवात करा, गाण्यातला सगळ्यात भरगच्च भाग वाजवा, आकडा निम्मा करत जा. टिचकी आली की एक पायरी वर या. विंडोजवर असिओ (ASIO) हा संगीताच्या कामासाठीचा ड्रायव्हर निवडला तर आवाज विंडोजच्या नेहमीच्या मिक्सरला वळसा घालून जातो, तिथला उशीर वाचतो. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपलीकडे गेला की तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. जानेवारीत २५६ वर सुरळीत चालणारा लॅपटॉप मग टकटक करू लागतो. त्याला सावलीत ठेवा, खालून हवा लागू द्या.

सॅम्पल रेट ९६,००० केला तर २५६ चा बफर २.७ मिलिसेकंदांत संपतो हे खरं. पण सेकंदाला दुपटीहून जास्त आकडे मोजावे लागतात, टिचक्या सुरू होतात, मग बफर ५१२ करावा लागतो आणि उशीर होता तिथेच येतो. वरचा आकडा म्हणजे वरचा दर्जा, हा जाहिरातीचा हिशोब आहे. उलट दर जुळले नाहीत तर भलतंच होतं. ४४,१०० ला ध्वनिमुद्रित केलेली पेटी रूपांतर न करता ४८,००० ने वाजली, तर सूर जवळपास दीड अर्धस्वर वर चढतो. काळी एक दाबली की पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधला कुठलातरी सूर वाजतो.

याच सेटिंगमध्ये ‘ट्यूनिंग’चा आकडा ४४० असतो, म्हणजे पांढरी सहाच्या सुराची सेकंदाला होणारी कंपनं. तो ४३२ केला की संगीत आजार बरे करतं, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. ४४० हा देशोदेशीच्या वादकांनी सोयीसाठी मान्य केलेला आकडा, ४३२ हाही आकडाच. दोन्ही सेकंदात मोजलेले, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. आपल्याकडे तर षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. मग कोणत्या गायकाचं गाणं औषधी म्हणायचं? ट्यूनिंगचा खरा उपयोग वेगळा आहे: साथीला जुनी, थोडी उतरलेली पेटी असेल तर लॅपटॉप तिच्याशी जुळवून घेता येतो.

उशीर हवेतही होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या रंगमंचावर मॉनिटर स्पीकर (वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकवणारा) पाच मीटरवर असेल आणि तो उचलून एका मीटरवर आणला, तर जवळपास १२ मिलिसेकंद वाचतात. ५१२ चा एक अख्खा बफर, सेटिंगला हात न लावता.

आणि ब्लूटूथ स्पीकर असेल तर वरचं सगळं गणित वाया जातं. त्यात आवाज आधी आवळून पाठवतात, पलीकडे उलगडतात आणि तिथे पुन्हा वेगळा बफर असतो. १०० ते २०० मिलिसेकंद त्यातच जातात. वाजवताना वायरचा हेडफोन किंवा वायरचा स्पीकर जोडा, आणि मगच बफरच्या आकड्याला हात घाला.