लॅमिन आणि केराटिन: यांत थोरलं कोण?

पुण्यात बी.एस्सी.च्या मुलांना पेशीचा सांगाडा शिकवताना एक समज हमखास पुढे येतो: केराटिन, म्हणजे केस-नखांतलं प्रथिन, फार प्राचीन, कारण झुरळाचं कवचसुद्धा त्याचंच. ते कवच कायटिनचं असतं, आणि कायटिन प्रथिनच नव्हे, ती शर्करेची साखळी. हा गैरसमज लगेच सुटतो. लॅमिन आणि केराटिन यांच्यातली गल्लत मात्र चिवट, कारण ही दोघं खरोखरच प्रथिनांच्या एका कुळातली आहेत.

दोघांच्याही रेणूच्या मधोमध पीळदार लांब दांडा असतो. पण लॅमिन केंद्रकाच्या पटलाला आतून लागून जाळी विणतं. केराटिनचे साधारण 10 नॅनोमीटर जाडीचे तंतू पेशीद्रवात पसरतात आणि दोन पेशींच्या सांध्यांना धरून त्वचेला ताण सोसायचं बळ देतात. बिघडले की फरक आणखी ठळक होतो: लॅमिन ए च्या जनुकात एक अक्षर बदललं तरी प्रोजेरिया होऊन बालपणातच वार्धक्याची लक्षणं दिसू लागतात; केराटिन 5 किंवा 14 मध्ये दोष असेल, तर नुसत्या घासण्यानेही कातडीला फोड येतात.

थोरलं लॅमिनच, याबद्दल मला शंका नाही. हायड्रा या जेलीफिशच्या नात्यातल्या इवल्या प्राण्यातही ते आहे. (आघारकर संशोधन संस्थेतल्या हायड्राच्या वाणाला 'इंड-पुणे' असंच नाव आहे, हे मुलांना मी आवर्जून सांगते.) हायड्राच्या दंशपेशीवर एक संवेदी केस असतो. त्यातलं नेमॅटोसिलिन हे प्रथिन लॅमिनपासूनच निघालेलं आहे. म्हणजे जुन्या जनुकाची प्रत केंद्रकाबाहेर कामाला लागणं, हे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांतही घडलं आहे.

सगळ्यात बोलका पुरावा गोगलगायीचा. जर्मनीत ग्योटिंगेनला क्लाउस वेबर यांच्या गटाने तिच्या पेशीद्रवातल्या तंतूंची रचना तपासली. लॅमिनच्या दांड्यात 42 अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. आपल्या केराटिनमध्ये तो नाही. गोगलगायीच्या तंतूंत तो शाबूत आहे, शेपूटही बरंचसं लॅमिनसारखं. नाहीसा झालाय तो केंद्रकात पोचवणारा पत्ता आणि पटलाला चिकटवणारं टोक.

मग तो तुकडा गळला कधी? कणा आला तेव्हा, असं पटकन म्हणावंसं वाटतं, पण ॲम्फिऑक्सस हा माशासारखा दिसणारा छोटा सागरी प्राणी ते खोटं पाडतो. त्याला मणके नाहीत, तरी त्याच्या पेशीद्रवातल्या तंतूंत हा तुकडा नाही. बदल मणक्यांच्या आधी, पृष्ठरज्जू (पाठीतली लवचिक दांडी) असलेल्या प्राण्यांच्या शाखेत झाला.

फळमाशी इथे फसवते. तिच्यात लॅमिनची दोन जनुकं आहेत, पण पेशीद्रवात या कुळाचे तंतूच नाहीत. ते तिच्या वंशात पुढे गमावले गेले. म्हणून माशीवर काम शिकलेला विद्यार्थी तिच्यात केराटिनचे भाऊबंद शोधू लागला, की मी त्याला गोगलगायीकडे वळवते.