सुपर मारिओ ब्रदर्स

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने फॅमिली कॉम्प्युटर (फॅमिकॉम) या घरगुती यंत्रासाठी १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणलेला, डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या पडद्यावरचा उडीचा व्हिडिओ गेम. आराखडा शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा, संगीत कोजी कोंदो यांचे. प्रोग्रॅमिंगमध्ये तोशिहिको नाकागो यांचा मोठा वाटा होता. पाश्चात्त्य देशांत हेच यंत्र एनईएस नावाने विकले गेले आणि पुढे तिथे त्यासोबत हा खेळही देऊ लागले. खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०२३ मध्ये याची मुख्य धून अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

स्वरूप

आठ जगे आणि प्रत्येक जगात चार टप्पे, असे एकूण ३२ टप्पे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांच्या शेवटी झेंड्याचा खांब असतो. चौथा टप्पा किल्ल्याचा असून त्याच्या शेवटच्या पुलावर खेळातला खलनायक बाउझर उभा असतो. पुलापलीकडच्या कुऱ्हाडीला हात लागला की पूल कोसळतो. ठोकळ्यातून मिळणाऱ्या फुलाची ताकद असेल तर आगीचे पाच गोळे मारूनही बाउझरला पाडता येते. पहिल्या सात किल्ल्यांत खेळाचा नायक मारिओ याच्यापुढे येणारा बाउझर खोटा असतो, खरा फक्त ८-४ मध्ये, म्हणजे आठव्या जगाच्या चौथ्या टप्प्यात. ४-४, ७-४ आणि ८-४ हे किल्ले भुलभुलैयाचे आहेत. त्यांत चुकीची वाट धरली तर तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येत राहतो आणि घड्याळ मात्र चालूच असते. पडदा मागे सरकत नाही, त्यामुळे डावीकडे राहून गेलेले नाणे कायमचे गेले.

शंभर नाण्यांना एक लाइफ मिळते. गुण कितीही झाले तरी त्यांवर लाइफ मिळत नाही. खांबाला जितके उंच पकडाल तितके गुण जास्त, १०० पासून ५००० पर्यंत. खांब पकडताना वेळेचा शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल तर तितकीच आतषबाजी होते आणि प्रत्येक फटाक्याचे ५०० गुण मिळतात. १-२ आणि ४-२ मधल्या वार्प झोनमुळे (पुढच्या जगांत नेणाऱ्या पाइपांच्या गुप्त जागांमुळे) मधली जगे टाळून थेट आठव्या जगात पोहोचता येते. सगळी लाइफ संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट बटण दाबले, तर ज्या जगात हरलो त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून खेळता येते. खेळ सेव्ह करण्याची सोय नसल्याने ही युक्ती फार मोलाची आहे.

पहिला टप्पा

१-१ हा टप्पा एका अक्षराचीही सूचना न देता खेळ शिकवतो, आणि या प्रकारच्या खेळांत त्याहून नेमकी सुरुवात सापडणे कठीण. सुरुवातीला मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. पहिला गूम्बा, म्हणजे साधा चालता शत्रू, समोरून येतो. उडी मारली नाही तर लाइफ जाते. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, खाली पडतो, पाइपवर आपटून परततो. वर विटांचे छत असल्याने नवख्याला तो चुकवणे अवघड जाते. मशरूम लागतो, मारिओ मोठा होतो आणि ही वस्तू भल्याची आहे हे कळते. टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत. त्यांच्यामधल्या खाचेत जमीन आहे, त्यामुळे उडी चुकली तरी काही बिघडत नाही. थोडे पुढे तसेच आणखी दोन जिने येतात, तिथे मात्र मध्ये खड्डा आहे. तोवर उडीचा सराव झालेला असतो.

चाल आणि उडी

बी बटण दाबून धरल्यावर मारिओ धावतो. चालताना त्याचा कमाल वेग एका फ्रेमला (पडद्यावरचे एक चित्र, सेकंदाला सुमारे ६०) साधारण दीड पिक्सेल, तर धावताना अडीच पिक्सेल असतो. ए जितका वेळ दाबून धरावा तितकी उडी उंच जाते, शिवाय उडी घेतानाच्या वेगावरही उंची ठरते. चालता चालता उडी घेतली, तर हवेत बी दाबूनही धावण्याचा वेग मिळत नाही. रुंद खड्ड्यात पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. धाव जमिनीवरच घ्यावी लागते, म्हणजे कडेच्या आधी चार-पाच ठोकळे जागा ठेवावी लागते. पूर्ण वेगात असताना एका ठोकळ्याची फट उडीशिवायही पार होते.

जमिनीला पाय न लावता शत्रूंवर उड्या मारत गेल्यास गुण १००, २००, ४००, ५००, ८००, १०००, २०००, ४०००, ५०००, ८००० असे चढतात आणि त्यापुढे प्रत्येक उडीला एक लाइफ मिळते. ३-१ च्या शेवटच्या जिन्यावरची प्रसिद्ध युक्ती यावरच उभी आहे. जिना उतरत येणाऱ्या दुसऱ्या कासवाला पायरीवर गाठायचे, कवच अशा बेताने मारायचे की ते पायरीवर आपटून दरवेळी मारिओच्या पायाखालीच परत येईल. पण हावरटपणा महागात पडतो. लाइफचा आकडा एका बाइटमध्ये असून त्याचा वरचा बिट चिन्हासाठी धरला जातो. आकडा १२७ च्या पुढे गेला की यंत्राच्या लेखी तो उणे होतो आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर होतो. दहापासूनच्या आकड्यात मुकुटाचे चिन्ह दिसू लागते, ते पाहून वेळीच थांबावे.

४० किलोबाइटचा हिशेब

कार्ट्रिजमध्ये (खेळाच्या कॅसेटमध्ये) प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी, आहे. जोडीला मॅपर चिप (जास्तीची मेमरी आळीपाळीने जोडून देणारी) नसताना फॅमिकॉमला याहून जास्त वाचताच येत नाही. यंत्राची स्वतःची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. त्यामुळे टप्प्यांची चित्रे साठवलेली नाहीत. प्रत्येक वस्तू दोन बाइटमध्ये लिहिली आहे. पहिल्या बाइटमध्ये तिची आडवी-उभी जागा, दुसऱ्यात प्रकार, लांबी आणि पुढच्या पानावर जाण्याची खूण. मागचे डोंगर, ढग, झुडपे दर ४८ स्तंभांनी, म्हणजे तीन पडद्यांनंतर, तीच पुन्हा येतात. ढग आणि झुडूप हे एकच चित्र असून फक्त रंगसंगती बदललेली आहे. ५-३ चा आराखडा १-३ चा, ५-४ चा २-४ चा, ६-४ चा १-४ चा आणि ७-३ चा २-३ चा. फरक इतकाच की नंतरच्या फेरीत शत्रू वाढतात आणि काही फळ्या आखूड होतात.

एका आडव्या रेषेवर यंत्र आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रे) दाखवू शकते. मारिओला रेषेवर दोन लागतात, गूम्बालाही दोन. चारांहून जास्त पात्रे एका रांगेत आली की कोणीतरी अदृश्य होणारच. म्हणून प्रोग्रॅम दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम बदलतो, आणि पात्र नाहीसे होण्याऐवजी लुकलुकते. वरची गुणपट्टी स्थिर ठेवून खालचा भाग सरकवण्यासाठी पट्टीतल्या नाण्याच्या चित्राखाली शून्य क्रमांकाचा स्प्राइट लपवला आहे. पडदा रंगवताना टीव्हीचा किरण तिथे पोहोचल्याचे कळले की प्रोग्रॅम सरकवण्याचा आकडा बदलतो.

उणे जग

१-२ च्या शेवटी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या वर, छताला लागून विटा आहेत. मोठा मारिओ घेऊन, भिंतीला चिकटलेली वीट तशीच ठेवून तिच्या डावीकडच्या फोडायच्या. मग पाइपच्या डाव्या कडेवर उभे राहून, तोंड डावीकडे ठेवून, बसलेल्या स्थितीत उजवीकडे उडी मारायची. ठोकळ्यात अडकलेल्या मारिओला प्रोग्रॅम बाहेर ढकलतो, पण इथे चुकीच्या दिशेला, आणि तो भिंतीतून आरपार वार्प झोनमध्ये जातो. पडदा पुरेसा सरकलेला नसल्याने पाइपांवर या झोनचे आकडे अजून चढलेले नसतात. तिथे ४-२ मधल्या एकाच पाइपच्या झोनचे आकडे असतात: ३६, ५, ३६. मधल्या पाइपने ५-१ मध्ये पोहोचतो, कडेच्या पाइपांनी ३६व्या जगात. ३६व्या क्रमांकाचे चित्र कोरे असल्याने पडद्यावर फक्त ‘-1’ दिसते. कार्ट्रिजवर हा पाण्यातला टप्पा संपतच नाही. शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीला आणतो.

वेगवान खेळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा लगेच सुरू होत नाही, दर २१ फ्रेमनी येणाऱ्या ठोक्याची वाट पाहिली जाते. म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाच्या आतली बचत बहुतेक टप्प्यांत वाया जाते, फक्त शेवटच्या ८-४ मध्ये ती कामी येते. पूर्ण खेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत २०२१ मध्ये पहिल्यांदा संपवला गेला.

महाराष्ट्रातला मारिओ

१९९० च्या दशकात मराठी घरांत हा खेळ आला तो बहुतांशी फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर, साठ पिनांच्या रंगीत ‘कॅसेट’मधून. फॅमिकॉममध्ये नकली कॅसेट रोखणारी कुलूप-चिप नव्हती आणि या खेळाला मॅपर लागत नाही, त्यामुळे अनेक खेळ भरलेल्या कॅसेटमध्ये तो सहज बसे. यादीतले शेकडो खेळ बऱ्याचदा तेच ते, फक्त वेगळ्या जगापासून सुरू होणारे असत. खेळातले सगळे मोजमाप फ्रेममध्ये आहे. त्यामुळे इथल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० फ्रेम) चालणाऱ्या नकली यंत्रावर तो मूळच्या पाच षष्ठांश वेगाने चाले. वेळेचा एक आकडा २४ फ्रेमचा, म्हणून ४०० आकडे जपानमध्ये १६० सेकंदांत संपत, इथे १९२ सेकंदांत. धूनही तितकीच संथ वाजे. सुरांची पट्टी जवळपास तीच राही.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची सवय सगळ्यांना होती. खेळ सुरू होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, आणि तोंडातल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्या, काडी काळी येईनाशी होईपर्यंत, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. पडद्यावर विस्कटलेली अक्षरे दिसत असतील तर चित्रांच्या रॉमकडे जाणाऱ्या पिना बहुधा मळलेल्या असतात. पडदा एकरंगी राहिला तर प्रोग्रॅमच्या बाजूच्या. आत बॅटरी नसल्याने मूळ कार्ट्रिजमध्ये झिजण्यासारखे फारसे काही नाही.