310 यार्डाचा होल आणि डावीकडचा ऊस

गोल्फ म्हटलं की आपल्याकडं "श्रीमंतांचा खेळ" म्हणून विषय संपतो, आणि ते फार खोटं पण नाही, पण त्या मैदानाच्या आखणीमागं जे गणित असतं ना ते गोल्फची काठी हातात न धरलेल्या माणसालाही आवडेल असं आहे. माहिती एवढीच लागते की टीवरून पहिला फटका मारायचा, शेवटी 108 मिलिमीटरच्या भोकात बॉल घालवायचा, आणि पार 4 म्हणजे चांगल्या खेळाडूनं 4 फटक्यांत हे उरकावं. भोकाभोवतीची एकदम बारीक कापलेली जागा म्हणजे ग्रीन, तिथपर्यंतचा गवताचा पट्टा फेअरवे, वाळूचे खड्डे ते बंकर.

पार 4 होल बऱ्याचदा 400 यार्डाच्या आसपास असतो, पण काही 300-350 चेच असतात आणि खरी मजा त्यांच्यात, कारण लांब मारणारा पहिल्याच फटक्यात ग्रीनपाशी पोचू शकतो, मग जावं का आधीच थांबावं हा प्रश्न पडतो. पडायला पाहिजे. पण लय ठिकाणी पडतच नाही, कारण होल सरळसोट, ग्रीन ताटासारखं गोल, फेअरवेच्या दोन्ही बाजूला एकेक बंकर, आणि सगळे एकच फटका मारतात. मग कमिटीत कुणीतरी म्हणतं अवघड करा, झाडं लावा, फेअरवे अरुंद करा. ह्यानं होल अवघड होतो, पण डोकं लावायची जागा अजूनच कमी होते, "सरळ मार" एवढाच एक उपाय उरतो.

आता समजा साताऱ्याजवळ लिंब गावाच्या बाजूला कृष्णाकाठी असाच एक सरळसोट होल दुरुस्त करायला मिळाला. 310 यार्ड म्हणजे 283 मीटर लांब आणि 60 यार्ड रुंद, म्हणजे झाले की पावणेचार एकर. डाव्या बांधाला लागून ऊस. उसात बॉल गेला की आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे दंडाचा 1 फटका आणि परत टीवरून मारायचं, थोडक्यात 2 फटके पाण्यात. (हरवलेला बॉल शोधायला नियमानं 3 मिनिटं मिळतात, पण उभ्या उसात 3 मिनिटांत साप सापडेल, बॉल नाही.)

इथं कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी कामाला येतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांत, प्रत्येक फटका कुठून कुठं गेला हे मोजून ठेवतात, त्या डेटावरून त्यांनी कुठल्या अंतरावरून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात ते काढलं. फेअरवेवरून 100 यार्ड राहिले तर 2.80, 60 यार्डावरून 2.70, 20 यार्डावरून 2.40. आणि 60 यार्डावरूनच पण बंकरमधून असेल तर 3.15. हा शेवटचा आकडा बघा, 40 यार्ड मागं पण गवतावर असलेला माणूस त्याच्यापेक्षा चांगल्या जागी आहे.

मग हिशोब करू. थांबून खेळणारा 100 यार्ड शिल्लक ठेवतो, म्हणजे 1 अधिक 2.80, झाले 3.80. ग्रीनवर थेट जाणारा 20 यार्डावर पोचला तर 1 अधिक 2.40, म्हणजे 3.40. पण उसात गेला तर 2 फटके गेलेच, वर शहाणा होऊन थांबून खेळला तरी 3.80, एकूण 5.80. दोन्ही पर्याय सारखे कधी होतात? 6 पैकी 1 बॉल उसात जात असेल तेव्हा. 3 पैकी 1 जायला लागला की थेट मारणाऱ्याची सरासरी 4.20 होते, कुणी नादाला लागणार नाही. 20 पैकी 1 च गेला तर 3.52, मग सगळेच मारणार. मी इथं चांगला बसलेला प्रत्येक बॉल गवतावरच पडला असं धरलंय, खरं तर काही वाळूत जाणारच, म्हणून हा 6 पैकी 1 पण थोडा उदारच आहे.

आता हे जमिनीवर कसं उतरवायचं. हात लांब करून करंगळी अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरसमोर धरा, तिची जाडी साधारण 1 अंश भरते. फटक्याची दिशा एवढीशी चुकली तर 290 यार्डावर बॉल 5 यार्ड बाजूला पडतो. समजा एखाद्या दमदार खेळाडूच्या चुकीचं प्रमाण विचलन (चूक साधारण किती पसरते त्याचं माप) 4 अंश आहे, आणि नेहमीच्या घंटेसारख्या वक्रात एका बाजूला एका विचलनाच्या पलीकडं जवळपास 16 टक्के बॉल जातात, म्हणजे आपला तोच 6 पैकी 1! 290 यार्डावर 4 अंश म्हणजे 20 यार्ड. तर उसाचा बांध ग्रीनच्या रेषेपासून डावीकडं 20 यार्डावर ठेवायचा. 35 ठेवला तर भीती संपली, 10 ठेवला तर हिंमत संपली.

पण खेळाडू काय वेडा नसतो, तो म्हणणार मी उजवीकडं नेम धरतो, ऊस गेला उडत. त्याला उत्तर म्हणजे ग्रीनचं तोंड, आणि माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीत हेच काम सगळ्यात मोलाचं. ताटासारखं गोल ग्रीन काढायचं आणि 30 यार्ड लांब, 12 रुंद असं लंबुळकं ग्रीन तिरकं बसवायचं, पुढचं टोक डावीकडं, मागचं उजवीकडं. सव्वादोन-अडीच गुंठ्यांचं काम आहे. डावीकडून, म्हणजे उसाच्या कडेनं आलेल्याला ते लांबीत दिसतं, बॉल पडून घरंगळायला 30 यार्ड. उजवीकडून आलेल्याला आडवं दिसतं, मध्ये बंकर आणि पलीकडं फक्त 12 यार्ड. त्यात 40-50 यार्डाचा अर्धा फटका असेल तर काठीचा वेग कमी, म्हणून बॉलला उलटी फिरकी पण कमी, म्हणजे बॉल पडून थांबण्याऐवजी पळतो. पावसाळ्यात काठी आणि बॉलच्या मध्ये ओलं गवत आलं की फिरकी अजूनच घटते, फक्त तेव्हा जमीन मऊ असते म्हणून निभावतं. एप्रिलमध्ये नाही निभावत.

लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा क्लबचा 10 वा होल 315 यार्डाचाच आहे, जॉर्ज थॉमस यांनी आखलेला, मैदान 1927 चं. तिथंही ग्रीन अरुंद आणि तिरकं, आणि थांबून खेळायचं तर डावीकडून सोपं. इतक्या वर्षांनी जगातले तगडे खेळाडू अजून त्या टीवर उभं राहून काठी बदलत असतात.

बाजूचे दोन्ही बंकर बुजवायचे आणि एकच बंकर फेअरवेच्या मधोमध घालायचा, ग्रीनच्या अलीकडं 60 यार्डावर, म्हणजे टीपासून 250. का 60, तर तो 3.15 चा आकडा. फेअरवे 45-50 यार्ड रुंद ठेवायचा. रुंद केला तर सोपं होईल असं वाटतं, पण मधल्या बंकरमुळं आता डावीकडून अरुंद गल्ली आणि चांगला कोन, उजवीकडून ऐसपैस जागा आणि वाईट कोन, नाहीतर अलीकडं थांबून लांबचा दुसरा फटका, असे तीन रस्ते होतात. 200 यार्डच मारणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला तो बंकर पहिल्या फटक्यात लागतच नाही, त्याला फक्त कोनाचा विचार करायचाय. मधोमध खड्डा हा अन्याय आहे असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांना स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा 12 वा होल दाखवावा, तिथले मधले बंकर तर टीवरून दिसत पण नाहीत.

राहिली जमीन. कृष्णाकाठची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत बॉल सहज जाईल, म्हणून ग्रीनखाली ती चालत नाही. अमेरिकन गोल्फ संघटनेची रीत म्हणजे खाली खडीचा 10 सेंटिमीटर थर आणि वर वाळूप्रधान 30 सेंटिमीटर, खालून नळ्या. गवत मात्र आपलंच, हरळीच्या कुळातलं. शेतकरी जिला शिव्या घालत खुरपतो तिचे संकर टिफवे, टिफड्वार्फ ह्या नावांनी उष्ण देशांत मैदानावर मुद्दाम लावतात. पाण्याचा प्रश्न रास्त आहे, पण ऊस लावून बसलेल्यानं तो जरा जपूनच विचारावा.

एक गोची राहते. कारखान्याची टोळी येऊन तोडणी झाली की डावीकडचं रान मोकळं दिसतं. हद्द दाखवणारे पांढरे खुंट आहेत तोवर बाहेर ते बाहेरच, दंड तोच, पण डोळ्यासमोर हिरवी भिंत नसली की माणूस बिनधास्त मारतो. म्हणजे गणित तेच राहून खेळ बदलतो. त्यामुळं बांधावर कायमची गवताची उंच रांग नाहीतर घायपात लावावी, खोडवा फुटून डोक्याएवढा होईपर्यंत थांबत बसू नये.

आणि हाच होल उचलून पाचगणीला न्यायचा असेल तर आकडे परत काढायला लागतील. तिथं लिंबपेक्षा सहाशे-साडेसहाशे मीटर जास्त उंची, हवा विरळ, आणि दर 1000 फुटांमागं बॉल साधारण 1 टक्का लांब जातो असा अंदाज धरतात. म्हणजे 290 मारणारा 296 मारणार. टी 6 यार्ड मागं घ्यायची, मधला बंकर आहे तिथंच ठेवायचा, टी मागं गेल्यानं तो आपोआप 256 यार्डावर येतो, आणि बांध 20 च्या जागी साडेवीसला.