शिंपल्या टाकून कॅल्शियम वाढत नाही

मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांत एक समज पक्का आहे: तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून फिल्टरमध्ये घातल्या की प्रवाळाला कॅल्शियम मिळतं. मिळत नाही. टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि त्या पाण्यात चुना आधीच भरपूर असतो, म्हणून शिंपली विरघळतच नाही. वर्षभराने काढून पाहा, तिच्यावरच्या बारीक रेघासुद्धा बोटाला लागतात. तीच व्हिनेगरमध्ये टाका, लगेच फसफसते. फरक आम्लाचा.

म्हणून रिॲक्टर लागतो, म्हणजे शिंपल्यांचे तुकडे भरलेली बंद नळी; तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडून आतलं पाणी आम्लधर्मी करावं लागतं. ४ इंची पीव्हीसी पाइप, दीड फूट उंच. खाली चिकटवलेलं झाकण, वर ओ-रिंगचं आट्यांचं. पाणी आतल्या आत फिरवायला छोटा पंप हवाच, नाहीतर गॅस वर साठून राहतो. आत ५ ते १० मिमीचे तुकडे. त्याहून बारीक असले की गच्च बसतात. तिसरीची शिंपली चालते, कालवाची जास्त चिवट. मांसाचा अंश राहिला तर फॉस्फेट वाढतं, तेव्हा उकळून, घासून, खडखडीत वाळवा.

मिनिटाला गॅसचे १५-२० बुडबुडे, रिॲक्टरमधून बाहेर ३०-४० मिली पाणी, आणि त्या पाण्याचा पीएच ६.५ ते ६.७. त्याच्या फार खाली गेला की आत लगदा होतो.

पावसाळ्यात वीज जाते, ते सर्वांत धोक्याचं. पंप बंद आणि गॅस चालू राहिला तर रिॲक्टरमध्ये गॅस साठतो आणि वीज आल्यावर टाकीचा पीएच धाडकन उतरतो. वीज जाताच गॅस बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) घ्या, पंपाच्याच बोर्डावर लावा. एकटा इन्व्हर्टरवर मुळीच नको.